कुंकवाचं पाकीट

सिंगापुरात, पुंगोलमधल्या एका ब्लॉकच्या तळमजल्यावर, ट्यूशन सेंटरला चिकटून, डॉक्टर गोपीनाथांचं क्लिनिक आहे. ते डॉक्टर चालवतात असं पाटीवर लिहिलंय. पाटीचं काय जातंय! चालवते ती योगिनी. औषधांचं कपाट, लसींचा फ्रिज, रडणारी पोरं आणि रुसलेले डॉक्टर, सगळं तिच्याच गळ्यात.

योगिनी मूळची पुण्याची, वय पन्नाशीच्या अलीकडे. नवरा दर्शन जहाजावर इंजिनिअर होता, गुडघा निकामी झाल्यापासून घरी बसलाय. दोघांचं इथलं राहणं आता तिच्या नोकरीच्या पासवर होतं, आणि पास क्लिनिकच्या नावावर. तो महिनाअखेरीस रिन्यू व्हायचा होता.

तिला एकच खोड. घडलं ते वहीत लिहायचंच. अवजारं उकळणाऱ्या यंत्रात कधी काय घातलं, कधी काढलं, कुठलं पाकीट बाद झालं, सगळं तारखेनिशी इंग्रजीत. डॉक्टर या लिखाणाला हसायचे आणि संध्याकाळी न वाचता पानाखाली सही ठोकून घरी जायचे. मोठ्या माणसाला वाचायला वेळ कुठला?

दसऱ्याला डॉक्टरांमधला भक्त जागा झाला. शस्त्रपूजा नको का? स्टेथोस्कोपला झेंडू, यंत्राला हळद आणि चिमट्यांच्या निर्जंतुक पाकिटांवर ओल्या कुंकवाची बोटं! आठवडाभर हात धुण्यावर भाषण देणारा हाच माणूस. योगिनीने निमूटपणे पाकिटं फोडून चिमटे पुन्हा उकळले. एक पाकीट मात्र डॉक्टरांनी देवाचं म्हणून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवून घेतलं.

पाचव्या दिवशी सरकारी तपासणी आली. मिस क्वेक, बारीक चष्म्याच्या, गोड आवाजाच्या. डॉक्टरांनी सकाळीच शुभशकुन म्हणून ते कुंकवाचं पाकीट अवजारांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर मांडलं होतं. योगिनी तेव्हा पेशंटच्या फायली लावत होती. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती अशी पहाटेच उठून आंघोळ करून येते.

मिस क्वेकनी पाकीट चिमटीत धरलं. सुकलेला, काळपट लाल डाग.

"डॉक्टर, धिस वन ब्लड, इज इट?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एरवी चाळीस पानी धोरणं तोंडपाठ म्हणणाऱ्या माणसाला एक साधं वाक्य सुचेना. मग सुचलं, आणि किती चटकन सुचलं! "माझ्या असिस्टंटचं काम आहे ते. मी तिला कितीदा सांगितलंय," ते इंग्रजीत म्हणाले. योगिनीकडे बघितलंही नाही.

योगिनीला आधी राग आला नाही, लाज वाटली. सात वर्षं या माणसासाठी आपण गरम पाणी भरत होतो, याची. मग दर्शनचा गुडघा आठवला, पास आठवला, आणि राग आला, तोही चांगला सणसणीत. तिने कपाटातून वही काढली आणि दसऱ्याचं पान उघडून मिस क्वेकपुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं: डॉक्टरांनी पूजेसाठी सात पाकिटांवर लाल पावडर लावली. सहा बाद करून चिमटे पुन्हा उकळले. सातवं डॉक्टरांच्या टेबलात, वापरू नये. खाली डॉक्टरांची झोकदार सही.

"युवर सिग्नेचर?" मिस क्वेकनी विचारलं.

डॉक्टरांना हो म्हणावं तर खोटं बोलल्याचं सिद्ध, नाही म्हणावं तर सही कुणाची! त्यांनी मान हलवली, ती नेमकी कुठल्या दिशेला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मिस क्वेकनी पुढची-मागची पानं बारकाईने तपासली. जाताना दोन शेरे दिले. नोंदी उत्तम, परवाना चालू राहील. डॉक्टरांनी मात्र निर्जंतुकीकरणाचं प्रशिक्षण घ्यावं.

दार बंद झालं तसा डॉक्टरांना मराठीचा उमाळा आला. "योगिनीताई, वाचवलंत हो मला! तुमच्या पासचे कागद उद्याच भरू."

"आज भरा," योगिनी म्हणाली. "आणि तुम्हाला नाही वाचवलं, डॉक्टर. मी मला वाचवलं. तुम्ही नुसते शेजारी उभे होतात."