दिसण्याची काळजी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही. पण ‘दिसणं’ हा शब्द कुणी सहज उच्चारला तरी मी विषय बदलते. तेव्हा ऐका.

मी किन्हवलीची. दोन हजार सालच्या आसपास मानसशास्त्रात एम.ए. करत होते. शेतीवाल्या घरातून एवढं शिकणारी मीच पहिली, त्यामुळे अंगात थोडी मस्तीही होती. सरांनी विषय दिला : माणूस स्वतःच्या रूपात मनाने किती गुंतलेला असतो, ते मोजायचं. प्रश्न इंग्रजीत होते, मराठी मी केलं. ‘दिसणं’ हा शब्द माझाच. ‘रूप’ म्हटलं तर बायका लाजतील, असं वाटलं होतं.

डोळखांबकडच्या एका पाड्यावर गेले. हिराबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, पन्नाशीची असेल. तुम्हाला तुमच्या दिसण्याची काळजी वाटते का? रोज वाटते, म्हणाली. दिसणं बिघडलं तर आयुष्य बिघडेल? “बिघडलंच ना गो.” मी खुशीत भराभर खुणा करत होते. मग आरशाचा प्रश्न आला.

“आरशात काय बघू? सगला धुरकट दिसतंय. तुमचा डाक्टर कदी येनार?”

तेव्हा कळलं. मी तिला रूपाबद्दल विचारत होते आणि ती मला डोळ्यांचं दुखणं सांगत होती.

सांगता आलं नसतं का? एक वाक्य पुरलं असतं. पण बाकीच्या बायका कामाला निघाल्या होत्या, माझ्यासाठी कुणी थांबत नव्हतं, सर मागे लागले होते — आणि मी म्हणाले, येतील पुढच्या महिन्यात. इथेच, पाड्यावर. हो, मीच म्हणाले. मग हिराबाईनेच दारोदार हाका मारल्या, डोळ्यांची बाई आलीय म्हणून. सगळ्या येऊन बसल्या. दिसण्याची फार काळजी वाटते, असं जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं.

सर खूश झाले. खेड्यातल्या बायका रूपाबद्दल इतका विचार करतात, हे त्यांना नवीन होतं. वर्गात त्यांनी माझं कौतुक केलं आणि मी मान खाली घालून ते चक्क घेतलं. इतकी कोडगी मी कधी झाले?

पुढच्या वर्षी शहापूरच्या एसटी स्टँडवर हिराबाई भेटली — भेटली कसली, मी तिला पाहिलं. सुनेने हाताला धरून आणलं होतं. सून शेजारच्या बाईला सांगत होती : काचबिंदू निघाला, फार उशीर केलात म्हणाले डॉक्टर, गेलेली नजर आता परत येत नाही. “आमी कवाच आनली असती. पन ती आयकंच नाय. म्हनं, बाईंचा डाक्टर पाड्यावर येनार हाय.” हिराबाई सुनेचा हात घट्ट धरून उभी होती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सून मला ओळखत नव्हती. तिला वाचता येत नसावं, कारण तिने माझ्याकडेच वळून विचारलं, ताई, डोळखांबची गाडी कुठली?

मी बोटाने दाखवली. तोंडातून शब्द काढला नाही. हिराबाईचे कान शाबूत होते.