चार पावलं गाडीसंगं

आठवीला जडत्व शिकवायचं म्हटलं की आजही मला ते एक वर्ष आठवतं. विषय तसा सोपा. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, चालती वस्तू चालतीच राहते, बाहेरून कुणी बळ लावेपर्यंत. चादर झटकली की धूळ उडते, रिक्षाने करकचून ब्रेक मारला की आपण पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. उदाहरणं सगळी रोजच्या जगण्यातली, पोरांना लगेच पटतात. त्या वर्षी मात्र त्यातलं एक उदाहरण मी गाळायचं ठरवलं होतं. चालत्या गाडीतून उतरणारा माणूस.

मी राहते निगडीला, शाळा कुरुळीत. रोज सकाळी स्कूटरवर स्पाइन रोड, मोशी, आणि मग हायवेवरच्या कंटेनरांच्या मधून जीव मुठीत धरून जायचं. शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं आणि पहिल्या तासाच्या पोरांना ते भोगावं लागतं. बाईंचा आवाज गेटपर्यंत येतो, असं आमचे शिपाईमामा कौतुकाने सांगतात. येत असेल. पण माझ्या वर्गात प्रश्न विचारायला पोरं कधी घाबरली नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगेन.

वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांचे वडील कंपन्यांत. घरची शेती आहे, पण घर चालतं शिफ्टवर. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बस गावावरून जातात. गावाच्या कमानीपाशी थांबा नाही, तिथे बस थांबवायची ड्रायव्हरला परवानगी नाही, आणि पुढच्या थांब्यावर उतरून उलटं चालत यायला दमलेल्या माणसाचे पाय तयार नसतात. म्हणून कमानीच्या अलीकडे गतिरोधकावर बस हळू झाली की गावातले लोक दारातून उतरतात. उतरतात म्हणजे उडीच मारतात. त्याची रीत ठरलेली आहे आणि नव्या माणसाला जुने ती शिकवतात. एका हाताने दांडा धरायचा, तोंड गाडीच्या दिशेला ठेवायचं, पाय टेकले की चार पावलं गाडीसंगं पळायचं आणि मग थांबायचं. गतीचा पहिला नियम कुणाला पाठ नव्हता, पण पाय बरोबर चालायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वर्गातल्या एका मुलीचे वडील आदल्या खंडेनवमीला तिथे पडले आणि गेले. डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं होतं. खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्रांची पूजा असते. मशीनला झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात, कामगारांना पेढे आणि काहीतरी भेटवस्तू देतात, आणि सुट्टी लवकर होते. मग काही जण कंपनीतून निघतात ते थेट बसायला जातात. हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे तो माणूस पडल्याबरोबर गावाने निकाल देऊन टाकला. खंडेनवमीच होती, प्यायला असणार, तोल गेला. दवाखान्याच्या कागदांत काय लिहिलं होतं ते कुणी विचारलं नाही. मला या बोलण्याची मनस्वी चीड यायची, पण मी बाहेरची बाई. मी तरी कुणाकुणाचं तोंड धरणार होते?

मुलगी शाळेत यायची. यायची म्हणजे बाकावर बसून असायची. सातवीत खिडकीतून बाहेर बघितलं म्हणून ज्या पोरीवर मी रोज खेकसत होते, ती आता खिडकीतूनही बघत नव्हती. म्हणून मी ते उदाहरण गाळलं. चादर सांगितली, रिक्षा सांगितली, पेल्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नाणं ठेवून दाखवलं. तास संपत आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि त्याने कंपनीच्या बसमधून उडी मारणाऱ्यांचं विचारलं. ते पण जडत्वच का? मी आवरायच्या आत त्याच्या शेजारचा पुटपुटला, पिलेल्याचं जडत्व लई असतं. दोघं-चौघं हसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातला खडू मी टेबलावर असा आपटला की त्याचे तुकडे उडाले. मी आता काहीतरी भयंकर बोलणार होते. पण त्याआधी ती उभी राहिली. कित्येक महिन्यांत ती वर्गात आपणहून उभी राहिली नव्हती.

"बाई, न पिलेला माणूस पन तसाच पडंल का?"

मी तिच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न तिने त्या क्षणी तयार केलेला नव्हता, महिनोन् महिने तो तिच्या घशात अडकलेला होता. ती रडत नव्हती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते माझ्या विषयातलं उत्तर होतं.

मी सगळ्या वर्गाला मैदानात नेलं. शाळेत खिचडीचं मोठं पातेलं ओढायला चाकं लावलेली एक बुटकी फळी आहे. ती आणवली. तिच्या कडेला पाण्याची अर्धी भरलेली बाटली उभी केली. त्या मुलीलाच फळी ढकलायला सांगितली आणि जो पुटपुटला होता त्याला बरोबर चालायला लावलं. मी हात वर केला की त्याने बाटली हलकेच बाजूला सारून जमिनीवर उतरवायची. बाटलीचा तळ मातीला टेकला आणि बाटली पुढे, फळीच्या दिशेला आडवी झाली. पुन्हा केलं. पुन्हा तशीच. मग पोरांनी हट्टाने कितीदा तरी करून बघितलं. कुणी हळू, कुणी जोरात. बाटली दर वेळी पुढेच पडत होती.

मग मी समजावलं. गाडीतल्या माणसाचं सगळं अंग गाडीच्याच वेगाने चाललेलं असतं. जमीन फक्त त्याचे पाय थांबवते. वरचं अंग चालतंच राहतं. म्हणून चार पावलं पळायचं असतं, पायांनी अंगाला गाठायला. पळता आलं नाही तर कुणीही पडेल. मी पडेन, पैलवान पडेल. पुटपुटणारा पोरगा बाटलीकडे बघत म्हणाला, बाटली तर पिलेली न्हाई. यावर कुणी हसलं नाही. तो मान खाली घालून त्या मुलीशेजारी उभा राहिला.

शाळा सुटल्यावर ती माझ्या स्कूटरपाशी थांबली होती. तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी तिच्या वडिलांना कंपनीतून कुकर मिळाला होता. मोठं खोकं होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मागून उतरलेल्यांनी बघितलं होतं की खोकं त्यांच्याही पुढे जाऊन पडलं. घरात आता त्यांचं नाव निघत नाही. आईने फोटो कपाटात पालथा ठेवलाय, हार नाही, काही नाही. सणासुदीला तरी पिऊ नका असं ती नेहमी सांगायची आणि शेवटी पिऊनच गेले, हे तिच्या मनाने घेतलंय. नवऱ्याच्या जाण्याचं दुःख करायचीही तिला लाज वाटते.

मला भरून आलं. पण खोटी आशा लावणं माझ्या स्वभावात नाही. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "हे बघ, नियम एवढंच सांगतो की पडायला दारू लागत नाही. तुझे वडील प्यायले होते की नव्हते, ते नियमाला माहीत नाही."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पन पडायला दारू लागत न्हाई, एवढं तरी आईला कळू द्या. फोटो तरी सरळ ठिवंल."

पुढच्या गुरुवारी तिची आई शाळेत आली. गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते, आणि ती बाई आता एका कंपनीत पॅकिंगला जात होती. पोरीने घरात पाट आणि लाटणी घेऊन प्रयोग करून दाखवला होता म्हणे, पण आईची खात्री पटली नव्हती. बाईंनी स्वतः दाखवलं तर बघते, म्हणाली. मी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली, ती पायरीवरच बसली. पोरीने फळी ढकलली, मी बाटली उतरवली. बाटली पुढे पडली. तिने पुन्हा करायला सांगितलं. मग तिने विचारलं, शुद्धीत असलेला माणूस पण? मी म्हटलं, कुणीही. पळता आलं नाही तर कुणीही.

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. पोरीने ते बघितलं आणि ती आईला बिलगली. मलाही हायसं वाटलं. झालं, संपलं, असं मला वाटलं. पण ती बाई अजून त्या बाटलीकडेच बघत होती. तिने हळूच विचारलं, हात मोकळे असते तर त्यांना पळता आलं असतं का? मी म्हटलं, हो, बहुतेक सावरले असते.

मैदानात पोरांची कबड्डी चालली होती. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"त्याच्या आदल्या साली त्यांनी भेट दुसऱ्याला देऊन टाकली व्हती. मी लई भांडले. त्या दिशी सकाळी डबा देताना म्हनले, औंदा काय मिळंल ते घरी आना, कुनाला देऊ नका."

तुमची चूक नाही, असं म्हटलं असतं तरी ते तिच्या कानांपर्यंत गेलं नसतं. एका माणसावरचं ओझं उतरवायला आम्ही दोघी निघालो होतो आणि ते या बाईच्या अंगावर येऊन पडलं होतं. पोरीने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट धरून ठेवला. तिला जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं.

जाताना ती बाई गेटपाशी थांबली, पदराने तोंड पुसलं आणि मागे वळली.

"बाई, पोरांना नुसतं पळायचं नका शिकवू. उतरायच्या आदी हातातलं टाकून द्यायचं, ते शिकवा. काय बी असू दे."

तेव्हापासून मी ते उदाहरण गाळत नाही. आठवीच्या वर्गात नियम फळ्यावर लिहायच्या आधी मी हेच सांगते आणि घरी जाऊन बापाला सांगायला लावते. बस थांबल्याशिवाय उतरायचंच नाही, हे तर सांगतेच, पण ते कुणी ऐकत नाही हेही मला माहीत आहे. दर वर्षी एखादं पोर विचारतं, बाई, हे पुस्तकात कुठे आहे? मी खेकसते, पुस्तकात नाही, तरी लिहून घे.

ती मुलगी आता चाकणला कॉलेजात जाते. परवा रस्त्यात भेटली, स्कूटर थांबवून बोलले. वडिलांचा फोटो, आई शाळेत आली त्याच आठवड्यात, भिंतीवर लागला होता, हार रोज बदलतो, असं तिने सांगितलं. आईचं विचारलं तर म्हणाली, बरी आहे, कामावर जाते. कुकर मात्र माळ्यावर आहे, अजून खोक्यातच.