कोपराची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं डोकं दुखायच्या आधी कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच म्हणा ना.

ऐकायला पोरकट वाटेल. कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा खेळ, पाच जण विरुद्ध पाच जण. दोन हजार सालानंतर नारायणगावात सायबर कॅफे निघाले आणि आम्ही कॉलेजची पोरं तिथंच पडीक. मी टीमचा लीडर. आवाज मोठा, एवढीच लायकी! खरा खेळायचा तो जावेद. जुन्नरच्या मणियाराचा, बांगड्या विकणाऱ्या घरातला पोरगा. हात इतका हलका, की माऊस हलतोय हेसुद्धा कळू नये.

नकाशातल्या जागांना आम्ही आपल्या गावांची नावं दिलेली. बॉम्ब ठेवायचा ते घोडेगाव, तिकडं जाणारी लांब गल्ली ती कळंब. पण पुण्यात खेळायचं तर समोरची पोरंही मराठीच, सगळं ऐकणार. म्हणून मी आणि जावेदनं दोघांपुरती एक खूण ठरवली. तो माझ्या शेजारी बसायचा. मी कळंबात डोकावायचं, गल्ली मोकळी असली की त्याला कोपर लावायचं. कोपर लागलं की त्यानं बंदूक ठेवून सुरी हातात घ्यायची आणि सुसाट सुटायचं — त्या खेळात सुरी हातात असली की माणूस जोरात पळतो. बाकीच्यांना वाटायचं, काय डेरिंगबाज आहे गडी! नीट बघितलंस का, असं त्यानं मला कधी विचारलं नाही.

पुण्यातली स्पर्धा, शेवटची मॅच, शेवटचा डाव. आमचे तिघं मेलेले, मी आणि जावेद उरलेलो. समोरच्या टीममध्ये जावेदचा मावसभाऊ होता, तेही सांगून ठेवतो. मागं पोरं खुर्च्यांवर चढून बघत होती. कळंबात डोकावायचं काम माझं. आणि मी न बघताच कोपर लावलं.

नाही, थांबा — हेही खोटंच. मनातल्या मनात मी वर्षानुवर्षं हेच घोकत आलोय. घाई झाली, चुकलं. कसलं चुकलं? हेडफोनमध्ये मला पावलं ऐकू आली होती. गल्लीत कुणीतरी टपलेलं आहे, हे मला पक्कं माहीत होतं. खेळात जावेद माझ्या बराच मागं होता, त्याला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. डोकावलो असतो तर मी मेलो असतो, एवढ्या लोकांसमोर. मग? मग त्याला पुढं घातलं. तो मरेल, समोरचा दिसेल, मी टिपीन. जिंकल्यावर कोण विचारतंय?

जावेद सुरी घेऊन पळत गेला. मारलं ते नेमकं मावसभावानं. मी नेम धरेपर्यंत मलाही उडवलं.

परतीच्या एसटीत मागून एक जण म्हणाला, "सुरी घिऊन पळतंय व्हय कुणी? भावाला मॅच देऊन टाकली राव. फितूर झाला."

शिवनेरीच्या पायथ्याची पोरं आम्ही. फितूर म्हणजे आईवरच्या शिवीपेक्षा वाईट. दुसरा कुणी असता तर म्हणाले असते, येडा आहे, गडबडला. जावेदच्या बाबतीत ते कुणाला सुचलंच नाही. आणि का नाही सुचलं, ते तुम्हालाही कळतंय, मलाही तेव्हाच कळत होतं. जावेदनं माझ्याकडं बघितलं, एकदाच. मी म्हणालो, "जाऊ द्या राव, झालं ते झालं." मोठ्या मनानं माफ केल्यासारखं! आज लाज वाटते.

खूण सांगून तो मोकळा होऊ शकला असता. का नाही सांगितली? मला वाटतं, मी सांगीन म्हणून तो थांबला होता.

नाव चिकटलं. कॅफेत त्याला कुणी टीममध्ये घेईना, बाजारात पोरं त्याच नावानं हाक मारायची. त्यानं आधी येणं सोडलं, मग कॉलेज, आणि भिवंडीला मामाकडं यंत्रमागावर निघून गेला. ईदलाही घरी आला नाही.

पुढच्या लग्नसराईत माझ्या बहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडं चुडा भरायला नेहमी जावेदचे वडीलच यायचे. त्या वर्षी एकटे आले. एरवी बांगड्यांची पेटी जावेद उचलायचा. बहिणीची बोटं हळूहळू दाबत, एकही काच न पिचू देता त्यांनी हिरवा चुडा भरला. ती पाया पडली, आईनं नारळ दिला. मी पेटी घेऊन दारापर्यंत गेलो.

मांडवाच्या कडेला ते थांबले. "बाळा, तू लीडर व्हतास. पोरगं मला काय सांगत न्हाई. खरंच दगा दिला का रं त्यानं? तू न्हाई म्हण, उद्याच्या गाडीनं जाऊन घिऊन येतो त्याला."

टीमची पोरं मांडवात माळा बांधत होती. हात थांबवून माझ्याकडंच बघत होती.

"मला माहीत न्हाई, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पेटी माझ्या हातातून घेतली आणि स्टँडकडं चालू लागले. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते भिवंडीला गेले नाहीत. नंतरही कधी गेले नाहीत. जावेद जुन्नरला परतला तो थेट त्यांच्या मयतीला. मी पार मागं उभा होतो, भेटलो नाही. चाचा गेले, ते आपल्या पोरानं दगा दिला असं समजूनच गेले.