शंभर वॅट की वीस

अर्धापूरच्या शिवारात कुणालाही विचारा, शिवशंकरचं केळी पिकवायचं चेंबर कुठं आहे म्हणून. माणूस आधी हसतो आणि मग रस्ता दाखवतो. हसण्याचं कारण केळी नव्हे. चेंबर रिकामं असलं की हा गडी आत जातो, जाड दार लावून घेतो आणि गिटार वाजवतो. गिटार म्हणजे गॅदरिंगला झाडाखाली बसून छेडतात ती नव्हे हो. चालू गिरणीत दळणाबरोबर खडा जावा तसला आवाज. चेंबरच्या भिंती थंडावा धरायला जाड केलेल्या, म्हणून तो आवाज गावात पोचत नाही एवढंच गावाचं नशीब. तरी दाराच्या फटीतून जो येतो त्यावरून लोक म्हणतात, "शिवशंकरच्या अंगात आलंय."

माणूस पस्तिशी ओलांडलेला. इंजिनियर, नांदेडलाच शिकलेला. पुण्याला नोकरीला जायचं त्याच वर्षी वडील गेले. केळीची बाग आणि माय मागं राहिली, मग तोही राहिला. लग्नाचं म्हणाल तर पाहुणे येतात, बाग बघतात, चेंबर बघतात, मुलगा शेती करतो हे ऐकतात आणि चहा पिऊन जातात. पोरीच्या बापांना हल्ली जमीन पाहिजे, पण जमिनीत उभा असलेला जावई नको! असू द्या. ते दुखणं आता घरोघरी आहे. शिवशंकरचं खरं दुखणं वेगळं होतं. त्याला ड्रमर नव्हता.

एके काळी होता. रविकिरण. मुदखेडचा, रेल्वेतल्या माणसाचा पोरगा. कॉलेजात दोघांची जोडी जमली आणि हॉस्टेलच्या बाकीच्या पोरांची झोप उडाली. दोघांनी मिळून एक गाणं रचलं होतं, शब्द नसलेलं, नुसतं दणक्याचं. पुढं रविकिरण पुण्याला कंपनीत लागला. भाड्याच्या खोलीत ड्रम मावेना, म्हणून शिवशंकरच्या चेंबरच्या कोपऱ्यात ठेवून गेला. "दिवाळीपर्यंत राहू दे," म्हणाला होता. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते काही बोलला नव्हता.

शिवशंकर तो ड्रम पुसायचा, सैल झाला की ताणायचा. खंडेनवमीला लोक कोयते, पंप, गाड्या पुजतात. हा ड्रमला झेंडूची माळ घालायचा. त्याची माय यशोदाबाई दारातूनच म्हणायच्या, "वाजवणारा न्हाई, आन् पूजा कुणाची करून राहिलास रं?" हा आपला माळ सारखी करत राहायचा.

आता एक गंमत सांगतो. गावात ज्याला कुणी विचारत नाही, त्या माणसाला बाहेर केवढा मान! इंटरनेटवर गिटारवाल्यांचा एक अड्डा आहे. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं तिथं विचारतात, हेवी संगीत वाजवायला अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा? आणि उत्तर कोण देतं, तर अर्धापूरचा केळीवाला. बाबांनो, वॅटच्या मागं लागू नका, असं तो लिहायचा. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जरासाच वाढतो. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. एकट्यानं घरात वाजवणार असाल तर लहानच घ्या, तो पूर्ण उघडता येतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर दबकत वाजवला तर त्याचा जीवच बाहेर येत नाही. समोर ड्रमर असेल तरच मोठ्याचा विचार करा, कारण ड्रमरला काही आवाज कमी करायचं बटण नसतं. पोरं आभार मानायची. लोकांना सांगायला शहाणपण कधीच कमी पडत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात लाइटीनं दगा दिला, व्होल्टेज वरखाली झालं आणि त्याचा स्वतःचा जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाला. नवा घ्यायची पाळी आली, आणि दुसऱ्याला एका ओळीत सुटणारा प्रश्न स्वतःला काही सुटेना.

नांदेडला आनंदराजमामा आहेत. पूर्वी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. जयंती असो, लग्न असो, तालुक्या-तालुक्याला त्यांची गाडी जायची. डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. सामान तेवढं राहिलं. त्यात दोन अ‍ॅम्प्लिफायर होते. एक शंभर वॅटचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, सोबत चार स्पीकरची कपाटाएवढी पेटी. दुसरा वीस वॅटचा, एका हातात धरून नेण्यासारखा. तिथं एक डीजेवाला बसला होता, तो फिस्सकन हसला. "शंभर वॅट? मामा, शंभर वॅटात आमच्या मंडळाचा बल्ब लागतोय!" आपल्याकडं ही एक रीतच झाली आहे. कुणाच्या स्पीकरच्या भिंतीचे किती हजार वॅट, त्यावर गल्लीची अब्रू.

आनंदराजमामांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. "पाटील," ते म्हणाले, "ड्रमवाला असंल तर शंभर न्या. नसंल तर वीस बी जास्त होतात. हाय का ड्रमवाला?"

"हाय," शिवशंकर म्हणाला.

अगदीच खोटं नव्हतं ते. चार दिवसांपूर्वी रविकिरणचा फोन आला होता. धोंड्याचा महिना लागलेला, लातूरच्या सासरवाडीनं जावयाला जेवायला बोलावलेलं. "कंपनी आता घरून काम करू देती," तो म्हणाला. "लातूरलाच राहावं म्हणतोय. माझा ड्रम घेऊन ये लेका, सासऱ्याच्या क्लासचा हॉल मोकळा हाय. परत चालू करू की! पण शंभरचा आण. बारका आणलास तर माझ्याखाली दबून जाशील."

ह्या एका वाक्यावर शिवशंकरनं शंभरवाला उचलला. इतकी वर्षं तो हेच वाक्य ऐकायला थांबला होता, दुसरं काही नाही. मामा समजदार माणूस. म्हणाले, "आधी वाजवून बघा. न्हाई जमलं तर बारका हायच."

केळीचे घड जसे बांधतात तसं त्यानं फोम आणि वाळली पानं लावून सगळं सामान पिकअपमध्ये बांधलं आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघाला. ऊन मी म्हणत होतं. हा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून एकटाच हसत होता. इतका खूश तो मायला बऱ्याच वर्षांत दिसला नव्हता. निघताना तिनं दोनदा विचारलं होतं, पोरगी बघायला तर चालला न्हाईस ना?

रविकिरणचे सासरे शेषेराव यांची क्लासची तीनमजली इमारत आहे. नवी बॅच बसायला अवकाश होता, वरचा हॉल रिकामा. वॉचमनला हाताशी धरून शिवशंकरनं सगळं वर चढवलं, ड्रम मांडला, तारा जोडल्या आणि घामानं भिजून खाली आला. खाली पाटावर रविकिरण बसला होता. कपाळाला गंध, अंगात नवा कडक ड्रेस, पुढं चांदीच्या ताटात पुरणाचे धोंडे, आणि सासूबाई वरून तूप सोडतायत. शिवशंकरला बघताच तो ओरडला, "आला माझा शिवा! बस जेवायला." रविकिरणच्या बायकोनं, पुनमनं, आग्रहानं वाढलं. शिवशंकरनं एकच धोंडा कसाबसा संपवला. सगळा जीव जिन्यात.

शेवटी एकदाचे वर आले. रविकिरण ड्रमपुढं बसला आणि ढेकर देऊन म्हणाला, "ह्यो माझाच हाय? नव्यासारखा ठेवलास की रं!" शिवशंकरला एवढं बरं वाटलं की विचारू नका. त्यानं गिटार गळ्यात घातली. चार मोजले आणि त्यांचं ते गाणं सुरू झालं.

सुरू झालं खरं, पण रविकिरणचे हात चालेनात. काठी पडायची, हा हसायचा. "कमी कर की रं, मला मीच ऐकू येईना." शिवशंकरनं कमी केलं. "आणखी जरा." आणखी केलं. शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर डासासारखा गुणगुणायला लागला, तरी गाणं काही जुळेना. ड्रमच्या एकट्याच्या जागा यायच्या तिथं रविकिरण शिवशंकरच्या तोंडाकडं बघायचा. त्याला गाणंच आठवत नव्हतं.

तेवढ्यात शेषेराव पाहुण्यांना घेऊन वर आले. क्षणभर ऐकून म्हणाले, "जावईबापू, हे काय भांडण लावलंय? आपलं वरातीचं काहीतरी होऊ द्या!"

आणि काय सांगावं, रविकिरणचे हात मोकळे झाले! असा काही वरातीचा ठेका धरला त्यानं की हॉलच्या खिडक्या थरथरल्या. काठी पडली नाही, हात थकला नाही. पाहुणे टाळ्या पिटायला लागले, पुनम मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, सासूबाईंनी तिथंच दृष्ट काढली. आता खरे शंभर वॅट लागले असते. पण त्या ठेक्यात गिटारला जागाच नव्हती. आत शिरायला फट सापडते का बघत शिवशंकर तारांवर हात ठेवून उभा राहिला. शेवटपर्यंत उभाच राहिला.

निघताना तो ड्रम आवरायला लागला तसे शेषेराव म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. जावयाचं सामान जावयापाशीच बरं."

"हाव, खरंच," रविकिरण म्हणाला. "किती वर्षं तुझी जागा अडवून बसलो होतो बाबा. आता तुला बी मोकळं होईल."

शिवशंकरनं ड्रमवरचा हात काढला आणि नुसत्या आपल्या तारा गुंडाळल्या. खाली पिकअपपाशी मात्र त्याच्यानं राहवेना. "रवी, परत चालू करू म्हणला होतास."

"करू की."

"कवा?"

रविकिरणनं मान खाजवली. वाईट माणूस नव्हता तो, खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "शिवा, आरं फोनवर असं म्हणायचं असतंय. तू खरंच धरून बसला होतास का?"

"न्हाई रं," शिवशंकर हसला. "मी बी आपलं असंच."

असंच म्हणे! अर्धा मराठवाडा तुडवत कपाटाएवढी पेटी घेऊन आलेला माणूस, आणि म्हणतो असंच. पण दुसरं काय म्हणणार? ज्याच्यावर रुसायचं त्याला आपण रुसलोय हे कळणारच नसेल, तर रुसून तरी काय करायचं.

चाकूरच्या पुढं गाडी कडेला लावून तो रडला. चांगला हुंदके देऊन रडला. एक म्हशीवाला थांबला आणि खिडकीतून डोकावून म्हणाला, "पंचर हाय का?" शिवशंकर म्हणाला, "हाव." तो बिचारा मदतीला म्हणून चारही चाकं बघून आला आणि डोकं हलवत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन त्यानं शंभरवाला परत केला आणि वीसवाला उचलला. आनंदराजमामांनी त्याच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं गाडीत ठेवून दिला.

घरी आल्यावर दुपारी त्यानं चेंबरमध्ये तो लावला आणि आवाजाचं बटण पूर्ण उघडलं. पहिल्याच फटक्याला अंगावर काटा आला त्याच्या. जड, गच्च, छातीत बसणारा आवाज. कॉलेजपासून हाच तर शोधत होता तो! आनंदानं त्यानं कोपऱ्याकडं वळून बघितलं. कोपरा रिकामा. जगभरच्या पोरांना तो सांगत आला होता ते अक्षर अन् अक्षर खरं निघालं होतं, आणि आता ते खरं निघाल्याचं कुणाला सांगावं हे त्याला कळेना. चांगलं काही झालं की सांगायला माणूस लागतं हो. वाईट एक वेळ गिळता येतं.

दार उघडून त्यानं हाक मारली, "माय, जरा आत ये. ऐक."

यशोदाबाई पदर सावरत आत आल्या, केळीचं रिकामं कॅरेट पालथं घालून त्यावर बसल्या आणि दोन्ही कानांवर हात धरले. शिवशंकरनं ते गाणं पहिल्यापासून धरलं. थोडं वाजवून तो थांबला. नुसता पाय हलत राहिला, ओठ पुटपुटत राहिले.

"झालं का?" म्हणत त्या उठायला लागल्या.

"न्हाई, हाय अजून."

पुन्हा तो दणका उठला, पुन्हा मध्येच बंद. त्या पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. शेवटी कानांवरचे हात काढून म्हणाल्या, "मधी मधी थांबून काय करून राहिलास? इसरतोस का?"

"तिथं दुसऱ्याचं असतंय, माय."

यशोदाबाईंनी भवताली बघितलं. चेंबरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. "मंग तो येईस्तोवर थांबायचं का?"

"न्हाई," शिवशंकर म्हणाला. "त्याचं तेवढं मनात मोजायचं, आन् आपलं पुढं वाजवायचं."