नंबर टाकलेले दगड

अन्याय झाला तो सालेकसा तालुक्यातल्या एका माळाखाली हजारो वर्षं निजलेल्या माणसावर. मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. आणि सुरुवात करून दिली मीच.

मी पुरातत्त्वाची सर्व्हेअर, काँट्रॅक्टवरची. कालवा रुंद करायचा होता आणि वाटेत शिळावर्तुळ होतं. म्हणजे गोलात मांडलेले मोठाले दगड. त्यांच्या आत, जमिनीखाली मयताची हाडं, सोबत दिलेली जेवणाची मडकी, लोखंडी हत्यारं. त्या काळचे लोक इथं जमून विधी करत. कालव्याच्या फाइलमध्ये या सगळ्याला एकच शब्द: ‘पडीक’. आपल्या गावच्या स्मशानाला म्हणून दाखवा पडीक!

नकाशा करायला मला एकच दिवस दिला. सोमवारी मी एकोणीस दगडांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले, मापं घेतली, फोटो काढले. मंगळवारी पोचले तर जेसीबीने चार दगड उपटून बाजूला ओळीत ठेवलेले.

“थांबा! काऊन काढून राहिले?”

ड्रायव्हर देवरामभाऊ शांतपणे खाली उतरले. “तुमीच तं नंबर टाकले जी. जंगलात नंबर पडला का झाड कटते. मी बराबर एकपासून सुरू केलं, गडबड नाही पाहिजे म्हून.”

आता भांडायचं कुणाशी? कालव्याच्या सुपरवायझरला फोन लावला.

“मॅडम, चार निकल गये ना? मंग बाकीचे पंधरा कायले ठेवता?”

“खाली दफन आहे, साहेब.”

“पुरावा द्या. नाहीतर काम चालू.”

तोवर देवरामभाऊ तीन नंबरच्या खड्ड्यात वाकले होते. दगडाबरोबर आतली मातीही निघाली होती आणि काळ्या-तांबड्या मडक्याचा काठ उघडा पडला होता.

“मयताचं जेवण का जी हे?”

“हो.”

त्यांनी चपला काढल्या. जेसीबीची चावी खिशात टाकली. माझ्या हातातला फोन मागून घेतला. “साहेब, मी नाही खोदत. तुमाले घाई असन तं सोताच येऊन खोदा.”

साहेब आले नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्या नकाशावरून देवरामभाऊंनीच चारही दगड जागेवर बसवले. कालवा वळवण्याचा प्रस्ताव गेला आहे, मंजुरी नाही. मी शिकले ते एवढंच: खूण करण्याआधी जेसीबीवाल्याशी बोलावं. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

आता तुम्ही. तुमच्या शिवारात असे गोलात मांडलेले दगड असतील, तर येत्या ग्रामसभेत उभे राहा. ‘इथं दफन आहे, खोदकाम बंद’ असा ठराव मागा. सचिव तो लिहीपर्यंत खाली बसू नका.