साडेआठ बोटांची सही

“सही करणार नाही म्हणजे नाही! शंभरदा काय विचारतेस?”

“शंभरदा नाही बाबा, चौथ्यांदा,” पोरगी म्हणाली. “आणि कारण तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत.”

“कारण?” त्याने उजवा हात तिच्या नाकासमोर धरला. मधलं बोट मुळापासून गेलेलं, शेजारचं अर्धंच. “हे बघ कारण. जन्मल्यापासून बघतेस, अजून दिसलं नाही?”

कॉलेजात त्याने तिला कायदा सहायकाच्या कोर्सला घातलं होतं. टेबलखुर्चीचं काम, कागदांच्या फाइली, दहाची दहा बोटं जागेवर. सहा महिने ती गेलीही. आता तिला उत्पादन अभियांत्रिकी तंत्रज्ञानाकडे जायचं होतं, म्हणजे त्याच्या भाषेत मशीनवर. कोर्स बदलण्याचा फॉर्म उद्या दुपारपर्यंत द्यायचा होता आणि त्यावर पालकांची सही लागत होती.

“आई, तू तरी बोल ना!”

“मी काय बोलू?” आई मोरीवरूनच म्हणाली. नळ चालूच होता.

कारखान्यात त्याला सगळे ‘साडेआठ’ म्हणत. “साडेआठ, दोन बेअरिंग काढ रे,” असं साहेबसुद्धा म्हणे, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. सव्विसाव्या वर्षापर्यंत तो प्रेस मशीनवर होता. मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, वेल्डिंगला गेला होता. तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, आजचा दिवस काढ बाबा, माल जायचाय. त्याने दिवस काढला आणि दीड बोट देऊन बसला. पुढे कंपनीने त्याला स्टोअरमध्ये घेतलं. सावलीतलं काम, वर पंखा. त्याने कंपनीला कधी नावं ठेवली नाहीत.

उलट, नव्या पोरांची भरती झाली की त्याला मुद्दाम बोलावणं येई. मुकादम फळ्यापाशी उभा राहून म्हणे, “गार्ड नसला की काय होतं, ते प्रत्यक्ष बघा.” तो हात वर करी. पोरांचे चेहरे पडत. मग सगळ्यांबरोबर चहा घेऊन तो ऐटीत स्टोअरला परते. आपल्या बोटांमुळे निदान दुसऱ्यांची वाचताहेत, असं तो घरी येऊन सांगे.

आणखी एक गोष्ट तो सांगे, पाहुणे आले की हमखास. अपघातानंतर जबाबावर सही करायला तो कंपनीच्या वकिलाकडे गेला होता. हाताला हे एवढं बँडेज. डाव्या हाताने सही करताना कागद पळत होता, तेव्हा तिथल्या नव्या टायपिस्टने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. “मला म्हणते, वाचून घ्या. मी म्हटलं, तुम्ही टाइप केलंय ना, मग बरोबरच असणार!” पाहुणे हसत. सहा महिन्यांनी त्याच टायपिस्टशी त्याचं लग्न झालं होतं.

“बरं, मग कायद्याचा गृहपाठ तरी करू दे,” पोरगी म्हणाली आणि कपाटातलं निळं फोल्डर तिने टेबलावर आपटलं. “घरातली जुनी फाइल घ्या, कागद तारीखवार लावा, कोणता कागद कोणी सांगितला, कोणी टाइप केला ते लिहा. मी तुमच्या अपघाताची घेतली.”

तो एकदम खूश झाला. “हे बघ! याला म्हणतात शिक्षण. वाच, वाच मोठ्याने.”

“नक्की वाचू?”

“अगं वाच!”

तिने जबाबाचं पान काढलं. “‘काम लवकर उरकावे म्हणून मशीनचा गार्ड मी स्वतः काढून ठेवला होता. मुकादमांनी मना केले असता मी ऐकले नाही.’”

तो हसला. “दुसऱ्या कुणाचा तरी घुसलाय त्यात.”

“खाली सही आहे बाबा. डाव्या हाताची.”

त्याने कागद ओढून घेतला. अक्षरं पडत-झडत चालल्यासारखी, पण त्याचीच. नाव त्याचं, तारीख त्या आठवड्यातली.

“आणि इथे,” पोरगी आता हळू बोलत होती, “डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची अक्षरं घालायची पद्धत असते. ही तीन अक्षरं आईच्या टायपिंगच्या सर्टिफिकेटवर आहेत. माहेरच्या नावाची.”

नळ बंद झाला.

त्याला आधी बायको दिसलीच नाही. दिसला तो फळा, मुकादम आणि वर केलेला स्वतःचा हात. ‘गार्ड नसला की’ नव्हे, ‘गार्ड काढला की’. कारखान्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की याने काढला म्हणून. त्या चेहरा पडलेल्या पोरांनाही. म्हणजे तो दर खेपेला हौसेने जाऊन स्वतःचा मूर्खपणा दाखवून, वर चहा पिऊन येत होता.

“मला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते,” बायको दारात उभी होती. ओले हात तिने पुसले नव्हते. “पहिल्या मसुद्यात तुम्ही सांगितलेलंच होतं. वेल्डिंग, मुकादम, सगळं. वकीलसाहेबांनी लाल पेनने खोडलं, पुन्हा टाइप करायला लावलं.”

“तू मला...”

“वाचून घ्या म्हटलं होतं. तेवढंच माझ्या हातात होतं.”

“आणि नंतर? तेवीस वर्षं?”

“नंतर तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. पाहुण्यांना. दर वेळी मी चहा ओतत असायची.” तिने टेबलावरच्या फोल्डरकडे बोट केलं. “कागद फाडता आला असता मला. फाडला नाही. कधीतरी तुम्ही वाचाल म्हणून तिथेच ठेवला.”

पोरीला रडू फुटलं. तिला फक्त कोर्स बदलून हवा होता.

“चष्मा,” तो म्हणाला.

पोरीने दिला. त्याने कोर्स बदलण्याचा फॉर्म जवळ घेतला आणि वाचायला लागला. पुढचं पान, मागचं पान, तळाच्या बारीक अक्षरांतल्या सूचनासुद्धा, अर्ध्या बोटाने ओळ धरून. एका सूचनेपाशी अडला, ती दोनदा वाचली. बायको कागद धरायला पुढे झाली तसा म्हणाला, “राहू दे. पळत नाही तो.” मग त्याने सही केली, उजव्या हाताने, सावकाश.

“सोमवारपासून पोरगी मशीनवर जाईल,” तो बायकोला म्हणाला. “गार्ड जागेवर नसला तर मशीनला हात लावायचा नाही, सांगणारा कुणीही असो. उद्या मी रजा टाकतोय, तूही तुझ्या ऑफिसात टाक. जबाब मी पहिल्यापासून सांगणार, तू टाइप करणार. मी वाचीन, मग सही करीन, आणि तो मुकादमाच्या फळ्यावर लावून येईन.”