सरूबाईची उचकी

तिसरी घंटा झाली, ऑर्गनवर सूर धरला, मंडपातल्या बायकांनी पेंगुळलेली पोरं मांडीवर आडवी केली, आणि पडदा काही सरकेना. चिंचवडच्या एका कारखान्यातला गणपती, साल एकाहत्तर. आत विंगेत महाराजांना उचकी लागली होती. महाराज म्हणजे पेंट शॉपचे रंगराव. डोक्यावर जिरेटोप, कमरेला तलवार, गळ्यात मोत्यांच्या माळा, आणि दर श्वासाला 'हिक्'. कुणी साखर चारली, कुणी नाक दाबून पाणी पाजलं, कुणी आठवण कोण काढतंय म्हणून त्यांच्या सासुरवाडीची सगळी नावं घेतली. उचकी ढिम्म.

तेवढ्यात लेथवरचा ज्योतीराम पुढं झाला आणि कानाशी लागून म्हणाला, "राव, तुमची नवी सायकल स्टँडवर दिसत न्हाई."

"आं?" महाराजांनी तलवारच टाकली.

"हाय, हाय, तिथंच हाय. गेली का उचकी? मग उघडा पडदा!"

त्या नाटकात टाळ्या कुणाला पडल्या कोण जाणे, नाव मात्र ज्योतीरामचं झालं. गोळी नाही, काढा नाही. एक खोटी वाईट बातमी, की माणूस बरा. दुसऱ्या खात्यांतून बोलावणी यायची. ज्याचा जीव जिथं गुंतलाय, तिथंच नेमका चिमटा काढायची त्याला कला होती. मोशीला त्याच्या घराशेजारच्या शालनबाईला उचकी लागली, की हा कुडावरून ओरडायचा, "म्हैस सुटली गं!"

चिमटा लागला नाही तो एकट्या बायकोला. सरूबाई त्याला पुरती ओळखून होती. तिखटानं उचकी लागली आणि यानं तोंड पाडून काही सांगायला घेतलं, की ती आधीच हसू लागायची. "कंपनीत खोटं बोलायचा वायला पगार देत्यात का वो?" हसता हसताच तिची उचकी जायची. घरात दोघंच. मूलबाळ झालं नाही. पण त्या घरातून हसणं ऐकू यायचं.

एकोणऐंशी साली तिच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर. मग उचकी लागली, ती थांबेचना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी ज्योतीरामला बाहेर बोलावलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. "घरी न्या. आवडेल ते खायला द्या."

त्यानं तिला सांगितलं, रिपोर्ट यायचेत अजून.

घरी उचकी तिला घास गिळू देईना, डोळा लागू देईना. ज्योतीरामला आता एवढंच हवं होतं, तिला घटकाभर स्वस्थता मिळावी. रजा टाकून तो उशाशी बसला आणि होती नव्हती ती सगळी कला पणाला लावली.

"सरू, तुजा सोपानदादा हिरीत पडला गं."

"पडू... हिक्... द्या. पवतोय त्यो."

"आमच्या कंपनीला टाळं लागलं."

"बरं झालं. बसा मग... हिक्... माज्यापाशी."

हसायचा प्रयत्न तिनं केला, पण तेवढं बळ उरलं नव्हतं.

रिपोर्ट आणायला म्हणून तो पुन्हा पुण्याला गेला. डॉक्टर काही वेगळं बोलतील अशी वेडी आशा. डॉक्टर तेच बोलले. तिन्हीसांजेला तो घरात आला. ती भिंतीला टेकून होती, डोळे दाराकडं. काहीतरी भयंकर सांगून तिला दचकवावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण पोटात जी बातमी होती तिच्यापुढं विहीर, टाळं, आग, सगळंच फिकं पडलं. जीभ भलतीकडंच वळली.

"सरू, डॉक्टर म्हनले, काळजीचं कायबी न्हाई. दिवाळीपातूर हिंडाय-फिराय लागशील."

उचकी थांबली.

त्यानं एक श्वास वाट पाहिली. आणखी एक. "थांबली! अगं सरू, थांबली की!" लहान पोरासारखा तो टाळी वाजवायला गेला, आणि त्यानं तिचं तोंड पाहिलं.

इतकी वर्षं त्यानं तिला वाईट बातम्या दिल्या, तिनं एकही खरी मानली नाही. ही पहिली चांगली बातमी. तीही तिनं मानली नव्हती.

शालनबाईनं फडक्यात बांधून पाठवलेली भाकरी सकाळपासून तशीच पडली होती. सरूबाईनं भाकरीकडं पाहिलं, मग लेथवर घट्टे पडलेल्या त्याच्या हातांकडं पाहिलं. पुढं दोन दिवस ती होती, पण ग्लानीत. शब्द उमटला नाही. बोलली ती त्या तिन्हीसांजेला, शेवटचं, अगदी सावकाश, एकही उचकी न लागता.

"मला जरा चुलीपाशी बशिवता का? भाकरी कशी थापायची, त्ये तुमाला दावून ठिवते."